मन्मथअप्पांचं बटन

मन्मथअप्पांच्या मोटरसायकलवर मागं बसायचं तर आधी आपलं मनगट त्यांच्या हवाली करावं लागे. गाडी निघाली, पहिला गेअर पडला, की अप्पांचा डावा हात हँडल सोडून मागं यायचा, चाचपडत आपलं मनगट शोधायचा आणि सापडलं की असं गच्च धरायचा की उतरल्यावर वळ दिसावेत. मग उजव्या हातात रेस आणि ब्रेक, डाव्या हातात तुम्ही, आणि समोर धारूरचा घाट.

"हायेत ना, गुरुजी?" अप्पा मान न वळवता ओरडायचे.

"आहे अप्पा! तुम्हीच धरलंय, जाणार कुठं?"

"न्हाई, इच्यारलेलं बरं. मागचा माणूस पडला तर म्होरच्याला कळत न्हाई. लई भेव वाटतं."

भेव त्यांना वाटायचं आणि पाणी पाणी व्हायचं माझं. मी तेलगावच्या शाळेत नवा होतो, अंगात मास्तरकी नुकतीच मुरायला लागली होती. केजला बैठक असली की गाडी मिळायची ती अप्पांचीच, कारण ते दुकानाचा माल सांगायला तिकडं जायचे. भर बाजारपेठेतून एका विभूती लावलेल्या, पांढरी टोपी घातलेल्या किराणा दुकानदारानं मला मनगटाला धरून न्यावं, आणि माझ्याच वर्गातल्या पोरांनी ते हॉटेलच्या बाकड्यावर बसून बघावं! दुसऱ्या दिवशी वर्गात पाढे म्हणून घेताना माझा आवाज चढला तो काही उगीच नाही.

अप्पांसारखा भित्रा माणूस मी बीड जिल्ह्यात तरी दुसरा पाहिला नाही. चालू पंख्याखाली ते बसत नसत. चौकात नवीन एसटीडीचा डबा आला तेव्हा आतला फोन वाजला की हे बाहेर दचकायचे. शीतपेयवाल्या एजंटानं दुकानात काचेच्या दाराचा फ्रिज आणून ठेवला, तर अप्पा पायात रबरी चप्पल घातल्याशिवाय त्याला हात लावेनात. आणि गिऱ्हाइकानं बाटली मागितली की आधी त्यालाच विचारायचे, "तुमीच घेता का काढून?" उधळलेल्या गोऱ्ह्याला सगळेच भितात, अप्पा बांधलेल्या गोऱ्ह्याला भ्यायचे. म्हणायचे, "दाव्याचा काय भरवसा, गुरुजी? दावं बी माणसानंच वळलेलं हाय की."

आता असल्या माणसानं पन्नाशी उलटल्यावर शंभर सीसीची मोटरसायकल का घ्यावी, हा गावाला पडलेला प्रश्न होता. त्याचं उत्तर अप्पांच्या घरात होतं. महानंदाकाकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, एसटी सोसत नव्हती. त्यांचं माहेर नांदूरघाटला. एकदा माहेराहून येताना केजच्या स्टँडवर बसमध्ये त्यांना काहीतरी झालं होतं. चक्कर आली म्हणे. काय ते गावात कुणाला धड माहीत नव्हतं. पण तेव्हापासून काकूंनी उंबरा ओलांडणं सोडलं. भावाच्या घरचं जावळ नाही, भाचीचं लग्न नाही, शेजारच्या घरचं हळदीकुंकूसुद्धा नाही. हसरी बाई, पण घराच्या आतच राहिली. अप्पांनी गाडी आणली तेव्हा काकू पहिल्यांदा ओसरीवर आल्या, गाडीकडं बघून म्हणाल्या, "हिच्यावरून गेलं तर मधी कुणी चढत न्हाई ना?" आणि पुढच्या सोमवारी माहेरी जाऊन आल्या. ती गाडी चालू राहिली तर काकूंचं माहेर चालू राहणार होतं. हे सगळ्या गावाला कळत होतं, म्हणून गाव हसायचं तेही जरा बेतानं.

आता तो डावा हात. मोटरसायकलला डाव्या हाताला क्लच असतो आणि गेअर बदलताना तो दाबावा लागतो, हे ज्यानं कधी गाडी चालवली त्याला ठाऊक आहे. क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटते, आणि ओढ सुटली की गेअर बसतो. पण अप्पांचा डावा हात तर मागच्याला धरण्यात गुंतलेला. मग गेअर कसा पडणार?

तर त्याचं असं झालं. एकदा अप्पांच्या गाडीची चावीखालची वायर सैल झाली होती. अप्पा दुसरा गेअर टाकायच्या तयारीत पाय ठेवून होते, तेवढ्यात गाडीनं खड्ड्यात उचकी दिली, इंजिनाची ठिणगी क्षणभर तुटली, ओढ सुटली आणि गेअर आपोआप लोण्यासारखा आत गेला. क्लचला हातही न लावता! दुसरा कुणी असता तर वायर बांधून मोकळा झाला असता. अप्पा गाडी बाजूला लावून तिथंच बसले, आणि मग तसेच उठून हमीदभाईच्या गॅरेजात गेले.

"हमीदभाई, ठिणगी तोडायला बटन बसवायचं. गेअरच्या पट्टीवर. पायानं टिचकी मारली की ठिणगी तुटावी, गेअर पडावा, पाय उचलला की ठिणगी परत."

हमीदभाईनं विडी विझवली. "अप्पा, कंपनी क्लच दी ना तुमकू? फुकट में दी. वो दबाव."

"क्लचला हात न्हाई माझ्याकडं."

"दो हात तो दिख रहे."

"एक माझा न्हाई," अप्पा म्हणाले. हमीदभाईला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण गॅरेज रिकामं होतं. दोघांनी मिळून दारावरच्या घंटीचं बटन काढून गेअरच्या पुढच्या पट्टीवर बसवलं आणि त्याची वायर ठिणगीच्या वायरीला नेऊन जोडली. निघताना एकदा क्लच दाबायचा, एवढंच. पुढं चढता गेअर सगळा टिचकीवर. आणि खालचा गेअर टाकायला अप्पा रेस सोडून मागच्या पट्टीवर टाच अलगद ठेवायचे.

"टिचकी!" हा तेव्हापासून अप्पांचा मंत्रच झाला. चौकात कुणीही दिसला की त्याला शिकवायचे. "लाथ न्हाई मारायची बरं. टिचकी! पाय ठिवून बसला की मेली गाडी. काम झालं की पाय उचलायचा. माणसाचं बी तसंच हाय." माणसाचं कसं तसंच आहे ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता त्या बटनानं जे जे भोग दाखवले ते ऐका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक खड्ड्याला बटन आपलं आपण दाबलं जायचं आणि गाडी उचक्या देत चालायची. आमच्या रस्त्यांवर खड्डे कमी नाहीत. मी मागं बसून जी काही देवांची नावं घेतली त्यात अप्पांचे महादेव होते, आमचे खंडोबा होते, आणि घाईत हमीदभाईच्या पिराचंही नाव गेलं असावं. मग बटनाची स्प्रिंग बदलून कडक केली, तर टिचकीला दाद देईना. अप्पा पायानं दाबतायत, इंजिन ओढतंय, गेअरपेटीतून दगड दळल्यासारखा आवाज येतोय, समोरून उसाचा ट्रॅक्टर, आणि अप्पा मला विचारतायत, "हायेत ना?"

मग चिखलाचं पाणी बटनात शिरलं आणि ठिणगी कायमचीच तुटली. त्यावर अप्पांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बटनाला टोपरं शिवलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे फ्रिजचं बटन. दुकानातल्या फ्रिजच्या दाराला असतं ना, दार लावलं की दाबलं जातं आणि आतला दिवा विझतो, ते. अप्पांना ते एकदम पसंत पडलं. नाजूक, मऊ, पक्कं. चप्पल घालून, डोळे मिटून त्यांनी ते फ्रिजमधून उपटलं आणि गाडीला लावलं. किक मारतायत, किक मारतायत, गाडी ढिम्म. शेवटी वैतागून डावा पाय गेअरच्या पट्टीवर ठेवून किक मारली, तर गाडी पेटली ती गेअरातच! अप्पांना घेऊन थेट दुकानाच्या पायरीला धडकली. पाय उचलला, गाडी मेली. त्या बटनाचं सगळं काम उलटं, हे कळायला दोघांना सबंध दुपार गेली. दाबलेलं असलं की ठिणगी चालू आणि सोडलं की बंद. तोवर इकडं फ्रिजमधला दिवा गेला तो गेलाच, आणि एजंट येऊन काकूंशी भांडून गेला.

शेवटी हमीदभाईनं पितळेची पट्टी ठोकून स्वतः एक बटन केलं, आणि ते मात्र टिकलं. निदान माझ्या अनुभवात तरी टिकलं. त्यानंतर मी अप्पांच्या मागं कितीदा गेलो असेन, गाडी एकदाही बंद पडली नाही. पण काकूंना घेऊन गेले की हमखास पडायची! एसटीतून येणारे लोक येऊन सांगायचे, "अप्पांचं बटन बसलं बघा घाटात. काकू झाडाखाली बसल्यात, अप्पा गाडी उघडून बसलेत." मग चौकात हशा. काकूही अप्पांना सोडायच्या नाहीत. "मी बसले की कसं बिघडतंय वो तुमचं बटन? माझ्याशी वैर हाय का काय त्याचं?" अप्पा खाली मान घालून म्हणायचे, "हमीदभाईला दाखवतो." हमीदभाई वैतागून मला म्हणाला, "गुरुजी, बटन में कुच नै है. अम्मा की कसम."

पुढं मी एक जुनी स्कूटर घेतली. लोक म्हणाले, गुरुजींची प्रगती झाली. प्रगती कसली डोंबलाची! मला जिवंत राहायचं होतं, आणि माझं मनगट मला परत हवं होतं.

त्या दिवशी मी केजला निघालो होतो आणि अप्पा-काकू नांदूरघाटला. काकूंच्या भाचीचा साखरपुडा होता. काकू हिरवं लुगडं नेसून, ओटीचं सामान मांडीवर घेऊन, एका अंगाला पाय सोडून बसल्या होत्या. अप्पा म्हणाले, "गुरुजी, तुमी मागंच ऱ्हावा. म्होरं जाऊ नका." मी म्हटलं, बरं. माणूस भित्रा आहे, सोबत लागते.

घाट निम्मा चढलो असू. वरून उसानं भरलेला ट्रॅक्टर येत होता, मागं दोन ट्रॉल्या, आणि ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की रस्ता उरलाच नव्हता. मी स्कूटर डोंगराच्या बाजूला घेत होतो तेवढ्यात काकूंची मान एका बाजूला कलली. मला वाटलं, डुलकी लागली. मग मांडीवरची पिशवी घसरली. नारळ गडगडत माझ्या चाकाखालून गेला. काकूंच्या एका पायातली चप्पल पडली, आणि तो पाय हवेत कसातरी थरथरायला लागला.

दरीकडची बाजू उघडी होती आणि काकू त्याच अंगाला झुकत होत्या.

अप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांना बघायची गरजच नव्हती, त्यांच्या हातात काकूंचं मनगट होतं. त्यांनी तो हात खेचून पोटाशी घेतला आणि काकूंचं सगळं वजन आपल्या पाठीवर ओढलं. रेस सोडली. टाच एकदा पडली, दोनदा पडली, गाडी डोंगराच्या कडेला आली, ऊस त्यांच्या खांद्याला घासून सळसळत गेला. थांबायला तरी क्लच दाबायलाच हवा होता. अप्पांनी तो दाबला नाही. गाडी गचका खाऊन मेली, अप्पा दोन्ही पाय रोवून उभे राहिले, पण मनगट सोडलं नाही.

मी स्कूटर तशीच आडवी टाकून धावलो. आम्ही दोघांनी काकूंना उतरवून कडेच्या गवतावर निजवलं. डोळे उघडे, पण नजर नाही. ओठ हलत होते, बोटं लुगड्याचा काठ चिवडत होती. फिट! लहानपणापासून आमच्याकडं फिट आलेल्या माणसाचं काय करतात ते मी पाहिलेलं. मी मागं पळालो, पडलेली चप्पल उचलली आणि काकूंच्या नाकाशी धरायला वाकलो.

अप्पांनी माझ्या हातावर असा तडाखा मारला की चप्पल लांब जाऊन पडली.

"ते न्हाई!" अप्पा ओरडले. बांधलेल्या गोऱ्ह्याला भिणारा माणूस माझ्यावर धावून आला होता. "ते न्हाई करायचं, गुरुजी! केजच्या स्टँडवर तेच केलतं लोकांनी. भर बसमध्ये. कुणी चप्पल, कुणी कांदा. कुणी म्हनलं अंगात आलंय. शुद्धीवर आली तर नाकाला परक्याची चप्पल, आन् भवती सगळं माणूस. तवापासून घरात बसली ती. वर्षं गेली, गुरुजी."

मला माझ्या हाताची लाज वाटली.

अप्पांनी काकूंना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली टोपी घडी करून ठेवली. मग मला म्हणाले, "तिकडं तोंड करून हुबं ऱ्हावा. आडोसा करा." वरून एक जीप आली, ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय झालं वो?" अप्पा हसून म्हणाले, "काय न्हाई, बटन बसलं!" जीपमधली माणसं हसली आणि गेली.

मग अप्पांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतोय. त्यांनी गाडीच्या पेटीतून पाना-पक्कड काढून उपरण्यावर पसरली. बटनाचं रबरी टोपरं काढून बाजूला ठेवलं. पितळेची पट्टी, चांगली धडधाकट पट्टी, सोडवून जमिनीवर ठेवली. मग साखळीवर बोटं फिरवली आणि ते काळं वंगण दोन्ही तळव्यांना, मनगटांना, थोडं कपाळालाही लावून घेतलं.

"अप्पा, हे काय करताय?"

"ती उठायच्या आत करावं लागतंय." अप्पा हळू बोलत होते. "गोळ्या चालू हायेत. मोठी फिट येत न्हाई आता. हे असं येतं, थोडा येळ. तिला आठवत न्हाई. तिला वाटतं, बरी झालीया. डुलकी लागली आन् गाडी बंद पडली, एवढंच कळतं तिला. डॉक्टर म्हनले गाडीवर नेऊ नका, एसटीनं न्या. एसटीत ती चढत न्हाई. आन् हे जर तिला कळलं, गुरुजी, तर उद्यापासून दार लावून बसंल. मंग मेलीच म्हणायची."

म्हणजे घाटात जेव्हा जेव्हा बटन बसलं, तेव्हा तेव्हा बटन बसलंच नव्हतं. चौकात आम्ही ज्यावर पोट धरून हसलो ते हे होतं. आणि तरी हा माणूस दर वेळी तिला मागं बसवून याच घाटात येत होता. मी म्हटलं, "आणि एखाद्या वेळी हात सुटला तर?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "तेच भेव हाय की," ते म्हणाले.

काकूंनी कूस बदलली. डोळे मिचकावले. लुगडं सावरत उठून बसल्या, इकडं तिकडं पाहिलं. उघडी पडलेली गाडी, पसरलेली पाना-पक्कड, काळ्या हातांचे अप्पा.

"बसलं का?" काकू म्हणाल्या.

"बसलं," अप्पा म्हणाले.

आणि मग काकूंचं तोंड सुटलं. "काय म्हणावं बाई या माणसाला! साखरपुड्याला निघालो आन् हितं मातीत बसायचं! जगाच्या गाड्या क्लचवर चालतात, ह्यांचीच तेवढी घंटीवर. ओटीचा नारळ कुठं गेला? माझी चप्पल कुठं हाय? अवो, पाव्हणे काय म्हणतील?" अप्पा ऐकत होते. इतक्या मनापासून शिव्या खाणारा माणूस मी पाहिला नव्हता. काकू बोलत होत्या आणि अप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता.

तेवढ्यात काकू माझ्याकडं वळल्या. "गुरुजी, तुमी शिकलेले. तुमी मागंच व्हता. खरं सांगा, बटनच बिघडलं का दुसरं काय झालं?"

अप्पांनी हातातली पक्कड खाली ठेवली. ते माझ्याकडं बघत होते. पंख्याला, फोनला, फ्रिजला, सगळ्याला भ्यालेले अप्पा मी पाहिले होते, पण ते भेव म्हणजे खेळ होता. हे खरं होतं. माझ्या तोंडातून काय निघतं एवढ्यावर काकूंचं माहेर, शेजारणींचं हळदीकुंकू, ते हिरवं लुगडं, सगळं येऊन टेकलं होतं.

"बटनच काकू," मी म्हणालो. "भिकार बटन आहे. मी तर म्हणूनच स्कूटर घेतली. याच घाटात मला किती वेळा मातीत बसवलंय यांनी, विचारा की!"

"बघा!" काकू अप्पांवर कडाडल्या. "गुरुजी बी तेच म्हणतात!"

"व्हय," अप्पा म्हणाले. "माझंच चुकलं."

काकू मग त्यांच्याजवळ सरकल्या. पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि त्यांच्या कपाळावरचं काळं पुसायला लागल्या. पुसता पुसता थांबल्या. "अवो, थरथरताय कावून? एवढ्याशा बटनाला एवढं भ्यायचं असतंय का?"

"लई भेव वाटतंय गं," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"वेडे हायेत," काकू मला म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.